सासूबाईंचा सोनटक्का आणि ट्रॉलीतून आलेला लव्हाळा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही कळंब्याला राहतो. घरामागं साधारण एक गुंठ्याचं परडं आहे. ही बाग माझ्या सासूबाईंनी उभी केली. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून मी बघते. नोकरीमुळं वेळ फक्त रविवारी मिळतो. सासूबाईंचा सोनटक्का मोरीच्या पाण्यावर चार हात जागेत होता, तो आता अर्ध्या परड्यात शिरलाय. मी हौसेनं आणलेली जांभळी मेक्सिकन पेटुनिया फरशीच्या फटीतूनसुद्धा उगवते. पुढं पिवळी वेडेलिया लावली होती, ती कंपाउंडवरून शेजारच्या काकूंच्या भाजीच्या वाफ्यात उतरली. तेव्हापासून काकू माझ्याशी तुटक बोलतात. गेल्या वर्षी भर म्हणून काळ्या मातीची ट्रॉली टाकून घेतली, तर तिच्यातून लव्हाळा आला. उपटला की आठ दिवसांत दुप्पट! गवती चहाही वाट अडवायला लागलाय. आमचे हे म्हणतात, सगळं काढून पेव्हर टाकू. कुणी मीठ टाका म्हणतं, कुणी उसाला मारतात ते तणनाशक मारा म्हणतं. सासूबाई असत्या तर असं झालं नसतं, हे काही मनातून जात नाही. काय करू?

एक वाचक, कळंबा

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी जे लिहिलंत ते मी आधी घेते, कारण बागेचं उत्तरही तिथंच आहे. सासूबाई असत्या तर असं झालं नसतं हे बरोबर आहे. त्यांच्या पिढीतल्या बायका सकाळी देवाची फुलं काढायला परड्यात जायच्या, तेव्हा एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात खुरपं असायचं. फुलं काढता काढता इथला एक फुटवा उचकटायचा, तिथला कोंब मोडायचा, वाटेवर आलेली फांदी मागं सारायची. काम म्हणून कुणी ते मोजलं नाही. रोजची पाच मिनिटं धरली तरी वर्षाचे तीस तास होतात. तुम्ही रविवारी तीन तास घाम गाळत असाल, पण मग परीक्षा येतात, पाहुणे येतात, पाऊस लागतो आणि पुढचा हात पडायला महिना-दीड महिना जातो. तेवढी सवड या झाडांना भरपूर झाली. तेव्हा हा दोष मनाला लावून घेऊ नका. बदलायचं आहे ते फक्त वेळापत्रक.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वर्षानुवर्षं टिकणारं झाड आपली ठेव जमिनीखाली ठेवतं. कुणी कंदात ठेवतं, कुणी गाठीत, कुणी आडव्या खोडात. वरचा पाला कापला की ते ठेव मोडून नवा पाला काढतं. नव्या पाल्यानं दोन-तीन आठवडे ऊन खाल्लं की ठेव परत भरते. ती भरायच्या आत पुन्हा कापलं तर दर वेळी शिल्लक कमी होत जाते. म्हणून एकदाच कंबर कसून सगळं खणण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी अर्धा तास देणं कितीतरी जास्त कामाचं. बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं आणि रविवारी पंधरा मिनिटं मिळाली तर त्याहून चांगलं.

आणि तुमच्या परड्यात शत्रू एकच नाही. पाच वेगवेगळी झाडं आहेत, पाचांचे स्वभाव वेगळे. त्यातला गवती चहा तर निर्दोष आहे. तो बुडख्यातल्या बुडख्यात वाढतो, जमिनीखालून पळत नाही. वाटेवर आलेला भाग पहारीनं फोडून काढा, पाती चहासाठी वाळवा आणि ते प्रकरण संपलं म्हणा.

आता सोनटक्का. तो काढून टाकायचा विचार मनात आला असेल तर कृपा करून तो सोडा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी मागचं दार उघडल्यावर जो वास येतो तो तुमच्या घराचा वास आहे. पुढं तुमच्या मुलांना आजी आठवेल ती त्या वासातून. शिवाय तुमच्याकडच्या सगळ्या पसरणाऱ्या झाडांत आवरायला सोपा तोच आहे. त्याचे कंद आल्यासारखे जाड असतात आणि अगदी वरवर, वीतभर मातीत आडवे पसरतात. ते तुटून मातीत हरवत नाहीत. हाताला लागतात, दिसतात, मोजता येतात.

पसरला कशामुळं? मोरीच्या पाण्यामुळं. सोनटक्का ओलीचा लोभी आहे. मूळचा तो पूर्व हिमालयाच्या बाजूच्या दमट डोंगरउतारांचा. तिथून माणसांनी हौसेनं तो जगभर नेला. क्यूबानं तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. पण ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर ओढ्याकाठी त्याचं रान माजलं आणि तिथली मूळची झाडं त्याखाली दबली. तुमच्या परड्यात मोरीचं पाणी जिथवर पाझरतं तिथवर तो जाणार, हे ठरलेलंच. म्हणून पहिलं काम मोरीच्या पाण्याचं. ते पाट किंवा पाइप करून दोन नारळांच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा. सोनटक्क्याला जेवढी जागा द्यायची ठरवाल तेवढ्याच जागेला पाणी.

दुसरं काम कुंपणाचं, पण जमिनीच्या आत. आत्ता फुलं आहेत, त्याला हात लावू नका. दिवाळीनंतर फुलणं थांबेल, पाणी तोडलं की पानं पिवळी पडतील. पौष-माघात दांडे जमिनीलगत कापा. ठेवायच्या भागाभोवती दोरी आखा आणि दोरीवरून फुटभर खोल चर मारा. चरीत शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावून सांधे सिमेंटनं भरा. फरशीची कड मातीच्या वर दोन-तीन इंच राहू द्या, नाहीतर कंद वरून उडी मारून बाहेर येतो. फरशी नसेल तर शिरोलीच्या बाजूला भंगारवाल्यांकडं निळी प्लास्टिकची बॅरलं मिळतात. त्यात आधी कुठलं रसायन होतं ते विचारून, खात्री करूनच घ्या. बॅरलचं बूड कापून जाड कडं तयार करा, ते जमिनीत गाडा आणि सोनटक्का त्यात लावा. बाहेरचे कंद मग निर्धास्तपणे काढा. त्यात मागं राहिलेला तुकडा जूनमध्ये कोंब दाखवेलच. तेव्हा ओल्या मातीतून तो दोन बोटांनी निघतो.

मेक्सिकन पेटुनियाचं मात्र मी वेगळं सांगेन. ती सगळी काढा. हिचं नाव रुएलिया. नाव पेटुनिया पडलं तरी खऱ्या पेटुनियाशी हिचं नातं नाही. मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेतली ही. सकाळी जांभळं फूल उघडतं, संध्याकाळी गळून पडतं, दुसऱ्या दिवशी नवं. पाणी नसलं तरी चालतं, साचलं तरी चालतं. त्यामुळं विकणाऱ्याला सोपी आणि घेणाऱ्याला आवडणारी. मीही आठ वर्षांपूर्वी फाटकाजवळ लावली होती. विकताना ती पसरते हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. चौथ्या वर्षी ती गुलाबांच्या आळ्यातून वर आली, तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्यातला एक गुलाब माझ्या आईनं कलम करून दिला होता. मुळांच्या जाळ्यातून तो सोडवता सोडवता तुटला.

हिला दोन पाय आहेत, म्हणून ही अवघड. एक पाय जमिनीखालचं आडवं खोड, दुसरा बी. तुम्ही लहानपणी फटाकड्या फोडल्या असतील. रानात, रस्त्याकडेला एक जांभळ्या फुलाचं झुडूप असतं, त्याची वाळलेली शेंग तळहातावर घेऊन थुंकी लावायची, की फट्कन फुटते आणि बिया हातावर टोचतात. ती याच कुळातली. तुमच्या बागेतल्या रुएलियाची शेंगही पिकली की तशीच फुटते आणि बी चांगलं सात-आठ फूट लांब उडतं. ओलं झालं की ते चिकट होतं आणि चपलेला, खुरप्याला, मांजराच्या अंगाला लागून पुढं जातं. फरशीच्या फटीत ती कुठून आली याचं उत्तर हे.

म्हणून रुएलियाला आधी कात्री, मग कुदळ. याच आठवड्यात सगळ्या हिरव्या शेंगा आणि फुलं कापून घमेल्यात गोळा करा. शेंग तपकिरी झाली असेल तर तिच्यावर आधी पिशवी घाला आणि मग कापा. आत्ता जमीन ओली आहे, खुरपं खोल घालून झाड मुळासकट उचला. ओढू नका. ओढलं की पेरावर तुटतं आणि खालचं राहतं. पांढरट, पेन्सिलीएवढं आडवं खोड दिसेल, त्याच्या मागं मागं जाऊन ते पूर्ण काढायचं. मग त्या जागेवर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा एकावर एक चढवून अंथरा, वरून अर्धा फूट पाचट. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या फडात ते पडून असतं, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलंत तर पेटवण्याऐवजी तो आनंदानं देईल. पाचटाखालून वर्षभर कोंब येत राहतील, बी दोन वर्षं उगवत राहील. दर पंधरा दिवसांचा फेरा ज्याला म्हणते तो खरा इथं लागणार आहे. तिसऱ्या वर्षी मोकळ्या व्हाल. अंगणातल्या फटीतल्या रोपांवर उकळतं पाणी ओता. फटीत तेवढंच पुरतं, वाफ्यात मात्र ते ओतू नका, कारण तिथं गांडुळं आहेत.

वेडेलिया दिसायला त्याहून भयंकर, काढायला त्याहून हलकी. तिला खोल कंद नाही. जमिनीवर सरपटत जाते आणि जिथं पेर टेकलं तिथं मूळ धरते. त्यामुळं तिला उपटायचं नाही, गुंडाळायचं. एका कडेनं दाताळं घालून गोधडीसारखी गुंडाळत जायची आणि राहिलेली पेरं खुरप्यानं उचलायची. एक तुकडाही ओल्या मातीवर पडला तरी रुजतो, म्हणून खाली जुनं पोतं अंथरून काम करा. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलं हे झाड. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं केली आहे, तिच्यात हिचं नाव आहे. आपल्या डोंगरातली घाणेरी, घाटात माजलेली रानमोडी आणि पंचगंगेतली जलपर्णी या तिघीही त्याच यादीत आहेत. आणि आपल्या सह्याद्रीतली माधवीलता, जिला आपण हळदवेल म्हणतो, तीही त्या यादीत आहे! तिकडं मॉरिशसला तिनं जंगल झाकून टाकलं. इथं मात्र तिला आवरणारे किडे, कोरडा उन्हाळा आणि शेजारची झाडं आहेत, म्हणून ती आपल्या जागी राहते. झाड दुष्ट नसतं. त्याला कुठं नेऊन ठेवलं यावर ते ठरतं.

वेडेलियाबद्दल आणखी एक. हिला पिवळा माका समजून केसांच्या तेलात उकळणारे लोक मी पाहिलेत. दोघींची पिवळी फुलं सारखी दिसतात म्हणून ही चूक होते. आपला पिवळा माका वेगळा. घरच्यांना सांगून ठेवा.

काकूंचं काय करायचं? खुरपं आणि रिकामं पोतं घेऊन रविवारी सकाळी त्यांच्याकडं जा. "काकू, माझ्या झाडानं तुमचा वाफा खाल्ला, चला, मी काढून देते," एवढंच म्हणा. त्यांच्या बाजूची वेडेलिया तुम्ही स्वतः काढायची, गड्याला पाठवायचं नाही. दर पंधरवड्याच्या फेऱ्यात भिंतीपलीकडची ती पट्टीही धरा. भिंतीलगत तुमच्या बाजूला दीड फूट रुंदीची जागा रिकामी ठेवा, तिथं काहीच लावू नका. कडेवर नजर राहिली की वेल भिंतीवर चढायच्या आधी दिसते. वाफ्यात जाऊन काम करताना तुम्ही त्यांना दिसलात की तुटकपणा आपोआप जाईल, हे मी माझ्या गल्लीत पाहिलंय.

आता लव्हाळा. हा मी शेवटी ठेवला कारण हाच खरा कठीण. शेतीशास्त्राच्या पुस्तकांत लव्हाळ्याला जगातलं सर्वांत त्रासदायक तण म्हणतात आणि आपल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला ते पुस्तक वाचायची गरज नाही. तुमच्याकडचं गवत लव्हाळाच आहे का याची आधी खात्री करा. दांडा दोन बोटांत फिरवा. हरळीचा गोल लागतो, लव्हाळ्याच्या दांड्याला तीन धारा लागतात. मग एक रोप न ओढता, टिकावानं फुटभर खणून, मातीच्या ढेकळासकट बाहेर काढा आणि बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुवा. तुम्हाला एक माळ दिसेल. तांबूस, दोऱ्याएवढ्या बारीक खोडानं गुंफलेल्या गाठी, कोवळ्या पांढऱ्या, जुन्या काळ्या आणि केसाळ. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वाफ्यातल्या एका रोपाखाली मी अकरा मोजल्या. एक गाठ दगडानं ठेचा आणि वास घ्या. दिवाळीच्या उटण्याचा वास येईल, कारण उटण्यातला नागरमोथा याच्याच भावकीतला.

ही माळ एकदा डोळ्यांनी बघितलीत की "उपटला की दुप्पट" हे कोडं सुटतं. माळेच्या टोकाची गाठ उगवते आणि बाकीच्यांना झोपवून ठेवते. तुम्ही वरून ओढलं की दोरा तुटतो, टोकाची गाठ सुटते आणि झोपलेल्या सगळ्या जाग्या होतात. एका रोपाच्या जागी चार. म्हणजे तुम्ही आळस केला नाहीत, उलट प्रामाणिकपणे उपटत राहिलात म्हणून तो वाढला. त्यामुळं आत्ता पावसाळ्यात उपटणं थांबवा. फक्त जमिनीलगत कापा, दर दोन आठवड्यांनी. नवी पात आल्यावर नव्या गाठी धरायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, तेवढा अवधी द्यायचा नाही.

खरं काम फाल्गुनात. आपल्याकडं शेतकरी उन्हाळी नांगरट करून रान तापवतात, त्याचं एक कारण हेच. लव्हाळ्याच्या गाठीला दोन गोष्टी मारतात, कोरडेपणा आणि सावली. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. पाणी पंधरा दिवस आधी तोडा, मग पट्टा-पट्टा करून फुटभर खणा, ढेकळं तशीच उलटी पडू द्या. बांधकामावरची वाळूची चाळणी आणा, ढेकळं वाळली की माती चाळून घ्या. गाठी गोळा करून गच्चीच्या स्लॅबवर पसरा, एप्रिलच्या उन्हात दोन आठवड्यांत त्या वाळून मरतात. खणलेला पट्टा वळवाचा पाऊस येईपर्यंत तसाच उघडा तापू द्या, अधूनमधून फावड्यानं खालीवर करा. एक गुंठा एकदम करू नका. या उन्हाळ्यात स्वयंपाकघराकडचा पाव भाग, पुढच्या उन्हाळ्यात पुढचा. दमून सोडून दिलेल्या गुंठ्यापेक्षा पूर्ण झालेला पाव गुंठा बरा.

मग सावली. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर त्या पट्ट्यात ताग दाट फेका. दीड महिन्यात कमरेच्या वर जातो, फुलावर आला की कापून तिथंच गाडा. त्यावर रताळ्याचे वेल लावा. लव्हाळा सावलीत कुढतो, रताळ्याच्या पानांखाली त्याला ऊन मिळत नाही. पुढच्या महाशिवरात्रीला घरची रताळी निघतील, हा वरचा लाभ. प्लास्टिकचा कागद अंथरायच्या भानगडीत पडू नका, लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते त्याला भोक पाडून वर येतं.

पेव्हरचं उत्तरही यातच आलं. लव्हाळ्याला डांबर अडवत नाही, तिथं पेव्हरचे सांधे काय अडवणार? वर्षाच्या आत गाठी सांध्यातून पाती काढतील आणि तेव्हा त्या खणायलाही मिळणार नाहीत. शिवाय एक गुंठ्यावर पडणारं पावसाचं पाणी आज तुमच्या जमिनीत मुरतं. पेव्हर टाकले की ते गटारात जाईल. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या कोल्हापुरात मुरणारी जमीन कुणी झाकू नये असं मला मनापासून वाटतं. घरच्यांना गाडी लावायला जागा हवी असेल तर तेवढ्या दोन चाकोऱ्या फरशीच्या करा, बाकी माती राहू द्या.

मीठ तर मुळीच नको. मिठानं वरचा पाला जळतो, गाठ राहते आणि माती मात्र जाते. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी एकदा बघून या. उसाला पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही आणि खालचे क्षार वर आले. कधीकाळच्या सोन्यासारख्या काळ्या रानात पांढरा थर दिसतो आणि ते रान परत वहिवाटीला आणायला जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालावे लागतात. तुमच्या परड्यात ते कोण घालणार?

तणनाशकाबद्दल सांगते. उसात लव्हाळ्यासाठी शेतकरी हॅलोसल्फ्युरॉन मारतात आणि त्याचा उपयोग होतो, हे खोटं नाही. पण त्याची मात्रा एकराला ३६ ग्रॅम. तुमच्या एका गुंठ्याला एक ग्रॅमपेक्षाही कमी. घरच्या चमच्यानं ते मोजता येत नाही आणि "थोडं जास्त पडलं तर बरं" म्हणत माणूस पाचपट ओततो. टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाचे बारीक तुषार वाऱ्यावर काकूंच्या टोमॅटोवर गेले तर पानं पिळवटतात आणि मग ते भांडण खुरपं नेऊन मिटणार नाही. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते सगळं मारतं, सोनटक्क्यासकट. एक गुंठ्यात, जिथं लहान मुलं अनवाणी फिरतात, तिथं मी कुणालाही फवारणी सुचवत नाही.

काढलेल्या पाल्याचं काय करायचं हे मी तुम्हाला हात जोडून सांगते, कारण इथंच बहुतेक सगळे चुकतात. नाल्याकडेला किंवा मोकळ्या प्लॉटमध्ये टाकू नका. कोल्हापुरातला नाला शेवटी पंचगंगेला मिळतो आणि सोनटक्क्याचा कंद, वेडेलियाचं पेर वाहत जाऊन जिथं लागेल तिथं रुजतं. जलपर्णीही कधीतरी कुणीतरी सुंदर फुलासाठीच पाण्यात सोडली होती, पुढं रंकाळ्यानं काय सोसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खताच्या रिकाम्या गोण्या घ्या, पाला भरा, तोंड बांधा आणि गच्चीवर उन्हात महिनाभर ठेवा. आतलं शिजून काळं पडलं की ते खतात घाला. रुएलियाच्या शेंगा आणि लव्हाळ्याच्या गाठी खतात घालायच्याच नाहीत, त्या वाळवून घंटागाडीत द्या.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. पुढं माती घ्याल तेव्हा आधी बादलीभर नमुना मागा. तो घमेल्यात पसरून वीस दिवस ओला ठेवा, काय उगवतं ते बघा आणि मग ट्रॉली सांगा. आणि लव्हाळ्याबरोबर हरळी आली असेल तर तिचा एक गड्डा कुंडीत लावून ठेवा, गणपतीत २१ दुर्वांची जुडी घरच्या घरी होईल. कुंडी मात्र फरशीवर ठेवा, मातीवर ठेवली तर बुडाच्या भोकातून ती परत जमिनीत उतरते. पुदिन्याचंही तसंच.

शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. एखादं झाड ओळखू आलं नाही तर त्याची फांदी फुलासकट वर्तमानपत्रात गुंडाळून तिथं घेऊन जा. नाव कळल्याशिवाय खणायला घेऊ नका, उपयोगाचं झाड हकनाक जातं.

माघात सोनटक्का खणाल तेव्हा भरपूर कंद निघतील, चांगले दोन बुट्ट्या. लोक मागतील. द्या, सासूबाईंनीही दिलेच असतील. देताना फक्त एवढं सांगून द्या की याला फरशीचं कुंपण करा आणि मोरीच्या पाण्यापासून लांब लावा. पहिला कंद काकूंना, कुंडीसकट.